पाहावे काय आणि वाचावे काय?
शेतीविषयक माहिती ग्रहण करण्याची योग्य रीत

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षबागांची फळछाटणी सुरू झाली, की पुढील साडेतीन ते साडेचार महिने बागाईतदाराला उसंत म्हणून मिळत नाही. पोंगा अवस्था, फुलोरा, मणी धरणे, मण्यात पाणी उतरणे अशा एकामागून एक अवस्था येतात. प्रत्येक अवस्थेत काही तरी करावे लागते व काही तरी टाळावे लागते. ढगाळ हवा आली, अवेळी पाऊस झाला, तर एका दिवसात निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी माहितीची गरज मोठी असते.

आज ही माहिती दोन वाटांनी येते. एक वाट जुनी आहे: पुस्तिका, मासिक, घडीपत्रिका, औषधाच्या डब्यासोबतचे माहितीपत्रक. दुसरी वाट नवी आहे: मोबाइलवर पाहता येणारी चित्रफीत, म्हणजेच व्हिडिओ. पुष्कळ शेतकऱ्यांनी पहिली वाट जवळजवळ सोडून दिली आहे. ‘वाचायला वेळ कोठे आहे? दहा मिनिटांत पाहून होते,’ असे ते म्हणतात. उलट काही जुने कार्यकर्ते चित्रफितीला करमणुकीचे साधन समजून तिच्याकडे दुर्लक्ष करतात. या दोन्ही भूमिका शेतीच्या हिताच्या नाहीत. कोणती माहिती डोळ्यांनी पाहून घ्यावी आणि कोणती अक्षरांतून घ्यावी, याचा विवेक असणे हे आज बी-बियाण्याच्या निवडीइतकेच महत्त्वाचे झाले आहे. तो नसेल तर काय किंमत मोजावी लागते, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

दोन साधनांचे मूळ स्वरूप

लिहिलेला मजकूर जागेवर स्थिर असतो. वाचणारा पुढे जातो, अडला तर थांबतो, मागची ओळ पुन्हा पाहतो, नको असलेला भाग सोडून देतो. वेग वाचकाच्या हाती असतो. चित्रफीत मात्र वाहत्या पाटाच्या पाण्यासारखी असते. बोलणारा ज्या वेगाने बोलतो त्याच वेगाने पाहणाऱ्याला चालावे लागते. एक वाक्य समजून घेण्यात मन गुंतले, की पुढची दोन वाक्ये निघून जातात. चित्रफीत थांबविता येते, मागे नेता येते, हे खरे. परंतु थांबवावी असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे, आणि नेमका तो क्षण पुन्हा सापडला पाहिजे. पुस्तिकेतील तक्ता शोधण्यास पाने चाळावी लागतात. वीस मिनिटांच्या चित्रफितीतील एक आकडा शोधण्यास पुष्कळदा ती सारी फिरवून पाहावी लागते.

दुसऱ्या बाजूने विचार केला तर शब्दांचीही मर्यादा स्पष्ट आहे. काडीवरील फुगीर, घडाची शक्यता असलेला डोळा कोणता आणि चपटा, वांझ डोळा कोणता, हे कितीही चांगल्या भाषेत लिहिले तरी ज्याने तो पाहिला नाही त्याला ते उमगणे कठीण आहे. कात्री कोणत्या कोनात धरावी, घडातील मणी विरळ करताना बोटे कशी फिरवावीत, या गोष्टी हाताच्या आहेत. हाताची गोष्ट डोळ्यांवाटे लवकर शिकता येते.

शिक्षणशास्त्रातील प्रयोगांचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. हातांनी करावयाच्या कृती शिकविताना हलते चित्र हे स्थिर चित्रापेक्षा अधिक उपयोगी पडते, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. त्याचबरोबर, गुंतागुंतीची आणि लांबलचक माहिती केवळ बोलून सांगितली तर ती निसटते, तीच लिहून दिली तर पकडून ठेवता येते, हेही अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे ‘वाचन श्रेष्ठ की पाहणे श्रेष्ठ’ असा सरसकट प्रश्न विचारणे व्यर्थ आहे. माहिती कोणत्या जातीची आहे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

चित्रफितीने काय शिकावे

पुढील प्रकारची माहिती शक्यतो पाहूनच घ्यावी.

१. रोगाची व किडीची ओळख. द्राक्षावरील केवडा, ज्याला बागाईतदार डावणी म्हणतात, त्यात पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळसर डाग दिसतात आणि त्याच जागी पानाच्या खाली पांढरी बुरशी वाढते. भुरी रोगात पानावर, कोवळ्या फुटीवर व मण्यांवर राखेसारखी भुकटी पसरते. या दोहोंवरील उपाय वेगवेगळे आहेत. ओळख चुकली तर औषधाचा खर्च व्यर्थ जातो आणि रोग मात्र वाढत राहतो. रंगीत, जवळून घेतलेले चित्र येथे पानभर वर्णनापेक्षा अधिक काम करते.

२. हाताचे कौशल्य. छाटणी, कलम बांधणे, बगलफूट काढणे, मण्यांची विरळणी, पाठीवरच्या पंपाचे तोंड स्वच्छ करणे व ब्लोअरचा फवारा जुळविणे, या क्रिया हालचालीच्या आहेत.

३. वस्तूचे रूप व पोत. रोपवाटिकेत कांद्याचे रोप पुनर्लागणीस योग्य झाले म्हणजे कसे दिसते, काढणीनंतर कांद्याची मान सुकली म्हणजे कशी दिसते, वाफसा आलेली माती हातात धरल्यावर कशी फुटते, हे पाहिल्याने मनावर ठसते.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पाहिले म्हणजे आले, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही गोष्ट उघड झाली. टेबलावरील भांडी न हलविता त्याखालची चादर झटक्यात ओढून काढणे यांसारख्या करामतींची चित्रफीत काहींना एकदा व काहींना वीस वेळा दाखविण्यात आली. ज्यांनी अनेकदा पाहिले त्यांचा आत्मविश्वास वाढला. परंतु नेम मारण्यासारखी कृती त्यांना प्रत्यक्ष करावयास सांगितली तेव्हा एकदा पाहणाऱ्यांपेक्षा त्यांचे कौशल्य काही अधिक ठरले नाही. केवळ पाहण्याने विश्वास वाढतो, हात मात्र वळत नाही. म्हणून छाटणीची चित्रफीत पाहिल्यानंतर त्याच दिवशी दोन-चार वेलींवर जाणत्या माणसासमोर हात चालवून पाहणे आवश्यक आहे. संपूर्ण बाग कात्रीखाली घालण्याची घाई करू नये.

कोणती माहिती वाचूनच घ्यावी

आकडे, मात्रा, दिवसांचे अंतर, अटी आणि अपवाद ही माहिती नेहमी लिखित स्वरूपातच घ्यावी. येथे चूक झाली तर तिची भरपाई होत नाही.

निर्यातक्षम द्राक्षाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१० सालच्या हंगामात भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढरोधकाचे अवशेष तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळले. माल बंदरांवर अडकून पडला, आणि बागाईतदार व निर्यातदार या दोघांनाही जबर आर्थिक फटका बसला. यात दोष केवळ शेतकऱ्याचा होता, असे म्हणता येणार नाही. कारण त्या वेळी या रसायनाची तपासणी आपल्याकडील नेहमीच्या यादीत नव्हती. परंतु आकड्याचे वजन काय असते ते या घटनेने साऱ्यांना शिकविले. युरोपीय मर्यादा किलोमागे ०.०५ मिलीग्रॅम इतकी होती. सोप्या भाषेत सांगावयाचे तर वीस टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. इतकी सूक्ष्म गोष्ट कानाने ऐकून ध्यानात ठेवणे कोणालाही शक्य नाही.

तेव्हापासून अवशेष तपासणीची यादी पुष्कळ विस्तारली आहे. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र द्राक्षासाठी शिफारस केलेल्या औषधांची सूची प्रसिद्ध करते. तीत औषधाचे नाव, कोणत्या रोगासाठी, किती मात्रा, कमाल अवशेष मर्यादा किती आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावी, हे सारे तक्त्यात दिलेले असते. एका ओळीत पाच-सहा रकाने आणि अशा अनेक ओळी. अशी माहिती चित्रफितीत कोणी वाचून दाखविली तर ऐकणाऱ्याच्या हाती चार औषधांची नावे तेवढी राहतील. त्यांच्यापुढील दिवसांचे आकडे एकमेकांत मिसळून जातील. फेब्रुवारीत घड तयार झाल्यावर काढणीला किती दिवस उरले आणि कोणते औषध आता चालते, हे पाहण्यास तक्ताच समोर असावा लागतो.

ऐकण्यातील चुका किती साध्या असतात तेही पाहिले पाहिजे. ‘लिटरला पॉइंट पाच ग्रॅम’ असे बोलणारा सांगतो; ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकणाऱ्याच्या कानी ‘पाच ग्रॅम’ एवढेच पडते. मात्रा दसपट झाली. ‘पंधरा’ व ‘पन्नास’, ‘दीड’ व ‘अडीच’ यांचा घोटाळा तर नित्याचा आहे. अक्षरांत ०.५ लिहिलेले असेल तर शंका आल्यास पुन्हा पाहता येते, आणि दुसऱ्या माणसाकडून वाचूनही घेता येते.

याहून सूक्ष्म चूक परिमाणाची आहे. समजा, एखाद्या औषधाच्या माहितीपत्रकात हेक्टरी ५०० ग्रॅम औषध व १,००० लिटर पाणी अशी शिफारस आहे. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. तेव्हा एकरी २०० ग्रॅम औषध व ४०० लिटर पाणी, म्हणजेच लिटरला अर्धा ग्रॅम असा हिशेब येतो. चित्रफितीत बोलणाऱ्याने केवळ ‘लिटरला अर्धा ग्रॅम’ एवढेच सांगितले. पाहणाऱ्याच्या बागेत पानांची गर्दी असल्याने त्याला एकरी ६०० लिटर पाणी लागते. त्याने लिटरच्या हिशेबाने औषध घातले, तर एकरी ३०० ग्रॅम, म्हणजे शिफारशीच्या दीडपट औषध बागेवर पडले. त्याने सांगितल्याप्रमाणेच केले, तरीही मात्रा चुकली. कारण शिफारशीचा अर्धा भाग त्याच्यापर्यंत आलाच नाही. माहितीपत्रक वाचले असते तर क्षेत्र व पाणी हे दोन्ही आकडे त्याच्या नजरेस पडले असते.

कीटकनाशक कायदा १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक वेष्टनासोबत माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात पीक, कीड अथवा रोग, मात्रा, विषबाधेची लक्षणे व प्रथमोपचार यांची माहिती असते. डब्यावरील त्रिकोणाच्या रंगावरून विषारीपणा समजतो: लाल म्हणजे अतितीव्र, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. बारीक टाइपामुळे हे पत्रक पुष्कळदा न उघडताच फेकले जाते. ही सवय सोडली पाहिजे. अक्षर बारीक वाटल्यास मोबाइलने त्याचे छायाचित्र काढून मोठे करून वाचावे. मोबाइलचा हाही एक चांगला उपयोग आहे.

एकाच कामात दोन्ही साधने: बोर्डो मिश्रणाचे उदाहरण

बोर्डो मिश्रण हे जुने व स्वस्त बुरशीनाशक आजही बागाईतदार घरी तयार करतात. एक टक्का मिश्रणासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १०० लिटर हे प्रमाण आहे. हे प्रमाण लिहिलेलेच हवे. अर्धा टक्का मिश्रण करावयाचे असल्यास मोरचूद व चुना प्रत्येकी अर्धा किलो घ्यावा, पाणी तेवढेच ठेवावे, हा हिशेबही लिहिलेला असावा. कारण कोवळ्या फुटीवर तीव्र मिश्रण पडल्यास पाने करपतात.

परंतु कृती मात्र पाहण्याजोगी आहे. मोरचूद प्लॅस्टिकच्या अथवा मातीच्या भांड्यात ५० लिटर पाण्यात विरघळवावा. लोखंडी भांडे वापरू नये. चुना दुसऱ्या भांड्यात विझवून, गाळून, ५० लिटर पाण्यात कालवावा. नंतर दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावी व ओतताना काठीने ढवळत राहावे. रंग आकाशासारखा निळा आला पाहिजे. शेवटी स्वच्छ लोखंडी सुरी काही वेळ मिश्रणात बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अधिक आहे असे समजून चुन्याची निवळी घालावी व पुन्हा परीक्षा घ्यावी. तयार मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

यातील दोन धारा एकाच वेळी ओतणे, निळा रंग आणि सुरीवरचा तांबूस थर, या तीन गोष्टी एकदा पाहिल्या की जन्मभर विसरत नाहीत. एक किलो, एक किलो व शंभर लिटर हे आकडे मात्र भिंतीवर लिहून ठेवलेले बरे. एकाच कामात कोणता भाग पाहावा व कोणता वाचावा, याचा हा नमुना आहे. जिबरेलिक आम्लाचे द्रावण करतानाही हेच तत्त्व लागू पडते. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम, हा हिशेब कागदावर असावा. घड द्रावणात कसा बुडवावा व कसा हलवावा, हे पाहून घ्यावे.

ज्यांना वाचन अवघड आहे त्यांच्यासाठी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. म्हणजे शंभरांतील अठरा जणांना लिखित मजकूर थेट उपयोगी पडत नव्हता; आणि साक्षर म्हणून गणलेल्यांतही पुस्तकी भाषा सहज वाचणारे सारेच असतात, असे नाही. पेठ, सुरगाणा यांसारख्या तालुक्यांत तर घरची बोली कोकणा अथवा वारली असते. तेथील भात-नागली पिकविणाऱ्या स्त्री-पुरुषांना छापील मराठी परकी वाटावी, हे स्वाभाविक आहे. अशा ठिकाणी चित्रफीत हे केवळ सोयीचे साधन राहत नाही, तर ज्ञानाचे दार ठरते.

चारसूत्री भातलागवडीचे उदाहरण घ्यावे. दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर अंतरावर आलटून पालटून खुणा करावयाच्या, दोन ओळींतही तसेच अंतर ठेवावयाचे, आणि १५ सेंटिमीटरच्या चौकोनात आलेल्या चार चुडांच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावयाची. हे वाक्य वाचून अनुभवी शेतकरीही गोंधळेल. चिखलातली दोरी, चार चुडे आणि मध्ये जाणारा अंगठा एकदा दाखविला, की साऱ्या बायामाणसांना रीत समजते. तरीसुद्धा दोरीवरील खुणांचे अंतर चुकू नये म्हणून खुणा केलेली दोरी तयार करूनच द्यावी. जेथे अक्षर चालत नाही तेथे खूण, रंग, मापाचे झाकण किंवा गाठ मारलेली दोरी हेच लिखाण होय. घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याच्याकडून माहितीपत्रक मोठ्याने वाचून घेण्याची सवय लावावी.

चर्चेवाचून दोन्ही साधने अपुरी

या बाबतीत महाराष्ट्राच्या भूमीवर झालेला एक प्रयोग जगभर नावाजला गेला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत रेडिओ-शेतकरी मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित करण्यात आले. प्रत्येक गावातील मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि काय करावयाचे ते ठरवावे, अशी योजना होती. कार्यक्रमांपूर्वी व नंतर ग्रामस्थांचे ज्ञान तपासण्यात आले, आणि मंडळे नसलेल्या गावांशी तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांत माहितीत भरघोस वाढ झाली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते तेथे वाढ त्यामानाने फारच थोडी झाली. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक पाडला तो ऐकल्यानंतरच्या चर्चेने.

ही कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांवरून घेतलेली होती. त्या मंडळांचे बोधवाक्य ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे होते. कार्यक्रमाआधी छापील पत्रिका घरोघरी पोहोचत असे. छापील अक्षर व आवाज यांना त्यांनी एकमेकांचे प्रतिस्पर्धी न मानता भागीदार मानले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

अलीकडच्या काळातही हाच अनुभव आला. २००६ च्या सुमारास कर्नाटकात ‘डिजिटल ग्रीन’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात परिसरातीलच शेतकऱ्यांच्या कामाच्या चित्रफिती तयार करून गावातील गटाला दाखविल्या जात. आणि दाखविणारा कार्यकर्ता मध्येच चित्रफीत थांबवून प्रश्न विचारीत असे. चित्रफितीइतकेच महत्त्व या माणसाला होते. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या शिक्षणपद्धतीतही स्वयंअध्ययनाची पुस्तके, दृक्-श्राव्य साधने आणि संपर्कसत्रे या तिघांची सांगड घातलेली आढळते.

माहिती कोणाची व केव्हाची?

साधन कोणतेही असो, तीन गोष्टी तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

पहिली गोष्ट तारखेची. २०१८ साली निघालेल्या केंद्र शासनाच्या आदेशानुसार डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस इत्यादी कीटकनाशके ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. परंतु त्यांची शिफारस करणाऱ्या जुन्या चित्रफिती व जुन्या पुस्तिका नाहीशा झालेल्या नाहीत. पुस्तिकेवर निदान प्रकाशनाचे वर्ष छापलेले असते. व्हॉट्सअॅपवरून या हातातून त्या हातात फिरणाऱ्या तुकड्यावर पुष्कळदा तारीख उरतच नाही. ज्या माहितीवर तारीख नाही, तिच्यावरून औषध विकत घेऊ नये.

दुसरी गोष्ट स्थळाची. दुसऱ्या जिल्ह्यातील बागेत छाटणीची वेळ, हवा, जमीन व पाणी वेगळे असते. तेथे यशस्वी झालेला उपाय निफाडच्या काळ्या जमिनीत तसाच लागू पडेल, असे नाही.

तिसरी गोष्ट हेतूची. बोलणारा माणूस संशोधक आहे, अनुभवी बागाईतदार आहे, की विक्रेता आहे? विक्रेत्याचे सांगणे खोटेच असते असे नव्हे. पण ते दुसऱ्या ठिकाणी पडताळून घ्यावे. पडताळण्यासाठी कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभागाचे ‘शेतकरी’ मासिक, द्राक्ष बागाईतदार संघाचे ‘द्राक्षवृत्त’ आणि संशोधन केंद्रांची प्रकाशने उपलब्ध आहेत.

कार्यकर्त्याने चित्रफीत कशी दाखवावी

१. एका बैठकीस एकच विषय घ्यावा, आणि तो त्या आठवड्यात करावयाच्या कामाचाच असावा. मार्चमध्ये फळछाटणीची चित्रफीत दाखविण्यात अर्थ नाही.

२. चित्रफीत आधी स्वतः पूर्ण पाहावी. तीतील प्रत्येक आकडा अधिकृत शिफारशीशी ताडून पाहावा. चूक असल्यास ती चित्रफीत दाखवू नये.

३. शेतकऱ्यांना काय पाहावयाचे ते सुरू करण्यापूर्वी सांगावे. ‘कात्री डोळ्याच्या किती वर लागते, तिकडे लक्ष द्यावे,’ असे सांगितले म्हणजे नजर योग्य ठिकाणी जाते.

४. महत्त्वाच्या जागी चित्रफीत थांबवावी. ‘आता पुढे काय करावे लागेल?’ असे विचारावे. उत्तर आल्यावरच पुढे जावे.

५. आकडा येताच तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि एका शेतकऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

६. बैठकीनंतर शेतात जाऊन दोघा-तिघांच्या हातून प्रत्यक्ष कृती करवून घ्यावी.

७. जाताना प्रत्येकाच्या हाती एक पानाची पत्रिका द्यावी. तीत औषधाचे नाव, मात्रा, पाण्याचे प्रमाण, काढणीपूर्व थांबावयाचे दिवस व तारीख एवढेच असावे. अक्षर मोठे असावे. तिचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सअॅप गटावरही टाकावे. चित्रफितीसोबत ते छायाचित्रही फिरू लागेल.

शेतकऱ्याची स्वतःची वही

पाहिलेले व वाचलेले दोन्ही जेथे एकत्र येते ती जागा म्हणजे शेतकऱ्याची वही होय. निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या बागेत फवारणीची नोंद ठेवणे आवश्यकच असते. परंतु जो माल लासलगाव अथवा पिंपळगावच्या बाजारात जाणार आहे, त्यासाठीही ही नोंद तितकीच हितावह आहे. तारीख, पिकाची अवस्था, हवामान, औषधाचे नाव, मात्रा, वापरलेले पाणी आणि आठ दिवसांनी दिसलेला परिणाम असे सात रकाने पुरेत. चित्रफितीत ऐकलेला आकडा प्रथम वहीत लिहावा, माहितीपत्रकाशी जुळवून पाहावा, आणि जुळला तरच टाकीत औषध घालावे. या एका शिस्तीने अनेक चुका टाकीपाशीच थांबतील.

अशी वही तीन-चार हंगाम नेटाने लिहिली, म्हणजे तिच्यातून आणखी एक लाभ होतो. आपल्या जमिनीत, आपल्या पाण्यावर, आपल्या बागेत काय मानवले आणि काय मानवले नाही, हे तिच्यातून कळते. ही माहिती कोणत्याही छापील पुस्तिकेत नसते आणि कोणत्याही चित्रफितीत सापडत नाही.

सारांश असा: हालचाल पाहून घ्यावी, आकडा वाचून घ्यावा, शंका चार जणांत बोलून घ्यावी, आणि केलेले काम लिहून ठेवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या फळछाटणीपूर्वी आपापल्या गावी निदान एक बैठक या पद्धतीने घ्यावी, आणि शेतकऱ्यांनी आपली वही त्याच दिवशी सुरू करावी.